पांढऱ्या पाटीची गाडी, पिवळ्या पाटीचं काम

पुण्या-मुंबईत एखादी गाडी घरची आहे की भाड्याची, हे लांबून कळतं. घरच्या गाडीची नंबरप्लेट पांढरी, भाड्याच्या गाडीची पिवळी. पिवळी पाटी म्हटली की परमिट वेगळं, विमा वेगळा आणि हप्ताही वेगळा. तिकडे ओला-उबरसाठी रीतसर चालणारी टॅक्सी पिवळ्या पाटीचीच असते. घरच्या गाडीच्या पॉलिसीत 'भाडं किंवा मोबदला घेऊन वापर' सरळ वगळलेला असतो, हे गाडी विकत घेणाऱ्याला साधारण ठाऊक असतं.

इथे अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये पाटी एकच. (न्यूयॉर्क शहराची गोष्ट निराळी. तिथे अशा गाडीला वेगळी पाटी आणि धंद्याचा विमा दोन्ही लागतं.) सकाळी मुलांना शाळेत सोडणारी, शनिवारी कॉस्टकोला जाणारी आपली होंडा संध्याकाळी साडेसातला फोनवर बोट टेकवलं की टॅक्सी होते. पाटी तीच, दारातली जागा तीच, मागच्या सीटवर मुलांनी सांडलेले चिवड्याचे कणही तेच. पण विमा कंपनीच्या लेखी ती गाडी आता दुसरी असते, आणि हे घरातल्या कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

आपल्या मंडळातही हे काम करणारी माणसं आता कमी नाहीत. नोकरी गेल्यावर नवी मिळेपर्यंत घरखर्चाला हातभार लावणारे आहेत. मुलं शाळेत गेली की चार तास गाडी चालवणाऱ्या आया आहेत. मुलाकडे ग्रीन कार्डवर आलेले, घरात बसून कंटाळलेले निवृत्त काका आहेत. कोणी आवडीने करतं, कोणी गरजेपोटी. काम कष्टाचं आणि सरळ आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण आपल्याकडे ते लपवलं जातं, आणि विम्याच्या बाबतीत हेच लपवणं महागात पडतं.

कायदा कसा आला

उबर आणि लिफ्टची 'आपली गाडी, आपला वेळ' ही पद्धत २०१२ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतून सुरू झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनने या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग तयार केला आणि प्रवासी नेताना १० लाख डॉलरचा विमा बंधनकारक केला. पण प्रवासी मिळण्याआधी, ॲप चालू ठेवून वाट पाहत फिरणाऱ्या गाडीचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न फार वाईट रीतीने पुढे आला. ३१ डिसेंबर २०१३ च्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोत रस्ता ओलांडणाऱ्या एका कुटुंबाला अशा गाडीची धडक बसली आणि सहा वर्षांची मुलगी दगावली. चालकाचं ॲप चालू होतं, पण गाडीत प्रवासी नव्हता. उबरचं म्हणणं होतं की त्या क्षणी तो आमच्या फेरीवर नव्हता. मग तो कोणाच्या विम्याखाली होता? यानंतर मार्च २०१४ मध्ये उबरने वाट पाहण्याच्या काळासाठीही काही विमा जाहीर केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने एबी २२९३ हा कायदा केला आणि १ जुलै २०१५ पासून तो लागू झाला. पुढे राज्याराज्यांत अशा धर्तीचे कायदे झाले. आज आपण ज्या चौकटीत गाडी चालवतो, ती त्या घटनेनंतर उभी राहिलेली आहे.

चार अवस्था

ही चौकट एकदा समजली की बाकीचं सोपं आहे. तुमच्या गाडीच्या चार अवस्था असतात.

पहिली, ॲप बंद. तुम्ही भाजी आणायला निघालात. इथे तुमची नेहमीची पॉलिसी लागू.

दुसरी, ॲप चालू पण प्रवासी ठरलेला नाही. तुम्ही विमानतळाच्या वेटिंग लॉटमध्ये उभे आहात किंवा रस्त्यावर फिरता आहात. इथे तुमची घरची पॉलिसी बहुधा हात वर करते. उबर किंवा लिफ्टचा विमा असतो, पण तो फक्त समोरच्याच्या नुकसानीसाठी. कॅलिफोर्नियात त्याची किमान मर्यादा एका माणसाच्या दुखापतीला ५० हजार, एका अपघातातल्या सगळ्यांच्या दुखापतीला मिळून १ लाख आणि मालमत्तेच्या नुकसानीला ३० हजार डॉलर. त्यावर आणखी २ लाखांचा जादा विमा कायद्याने ठेवावा लागतो. बऱ्याच राज्यांत मालमत्तेचा आकडा २५ हजार आहे. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी? काही नाही.

तिसरी, फेरी स्वीकारली आणि प्रवाशाला आणायला निघालात. चौथी, प्रवासी गाडीत बसला, तो उतरेपर्यंत. या दोन्ही अवस्थांत समोरच्याच्या नुकसानीसाठी कॅलिफोर्नियासह बहुतेक राज्यांत १० लाख डॉलरचा विमा असतो. न्यू जर्सीत तो १५ लाख आणि न्यूयॉर्क राज्यात शहराबाहेर साडेबारा लाख. तुमच्या गाडीचं नुकसानही कंपनीचा विमा भरून देतो, पण दोन अटींवर. तुमच्या घरच्या पॉलिसीत कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचा विमा, आधीपासून असायला हवा, आणि पहिले २,५०० डॉलर तुमच्या खिशातून जाणार. घरच्या पॉलिसीवर ५०० चं डिडक्टिबल असलेल्या माणसाला हा आकडा ऐकून धक्का बसतो.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी आणखी एक गोष्ट. चूक समोरच्याची आणि त्याच्याकडे विमा नाही किंवा अपुरा आहे, अशा वेळी गाडीतल्या माणसांना उपयोगी पडणारा विमा पूर्वी १० लाखांचा होता. १ जानेवारी २०२६ पासून त्याची किमान मर्यादा एका माणसाला ६० हजार आणि एका अपघाताला ३ लाख डॉलर इतकी खाली आली आहे. जुन्या माहितीवर विसंबून राहू नका.

काकांची दोन मिनिटं

आमच्या भागातल्या एका काकांची हकिकत त्यांच्या परवानगीने, नाव न घालता सांगते. बँकेतून निवृत्त होऊन ते मुलाकडे आले. ग्रीन कार्ड मिळालं, लायसन्स मिळालं. 'नातवंडांच्या खाऊचे पैसे तरी माझे असावेत' म्हणून शुक्रवार-रविवार गाडी चालवू लागले. गाडी मुलाच्या नावावर होती आणि पॉलिसीवर काकांचं नाव चालक म्हणून होतं. 'फुल कव्हरेज आहे बाबा, काळजी करू नका,' असं मुलाने सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं.

एका पावसाळी संध्याकाळी सॅन होजे विमानतळावर एका प्रवाशाला सोडून काका ८८० वरून परत निघाले. ॲप चालूच होतं, पुढची फेरी यायची होती. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला, काकांची गाडी निसटली आणि धडकली. काकांना फारसं लागलं नाही. पुढच्या बाईंची मान दुखावली. काकांची गाडी मात्र दुरुस्तीपलीकडे गेली.

पुढच्या बाईंचा खर्च आणि त्यांच्या गाडीची भरपाई राइडशेअर कंपनीच्या विम्याने केली. त्यात काही अडलं नाही. प्रश्न आला काकांच्या गाडीचा. राइडशेअर कंपनी म्हणाली, फेरी स्वीकारलेली नव्हती, तेव्हा तुमच्या गाडीची भरपाई आमच्याकडे नाही. घरची विमा कंपनी म्हणाली, ॲप चालू होतं, म्हणजे गाडी भाड्याच्या वापरात होती, आणि तो वापर पॉलिसीत वगळलेला आहे. दोघांनीही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबरच सांगितलं. गाडीवर १४ हजार डॉलरचं कर्ज शिल्लक होतं. गाडी गेली, कर्ज राहिलं. वर पॉलिसीची मुदत संपल्यावर कंपनीने नूतनीकरण नाकारलं, त्यामुळे सुनेच्या गाडीलाही नवा विमा चढ्या दराने शोधावा लागला.

दोन मिनिटं आधी पुढची फेरी आली असती आणि काकांनी ती स्वीकारली असती, तर २,५०० डॉलर वजा होऊन गाडीची बाजारभावाने किंमत मिळाली असती. काकांनी गावाकडच्या बँकेतली एफडी मोडली आणि कर्जाची अर्धी रक्कम मुलाच्या हातात ठेवली. मुलगा नको नको म्हणत होता. 'मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की गाडी कशासाठी चालवतो,' काका म्हणाले. 'मी कुठे लपवलं होतं?' त्यांनी लपवलं नव्हतं. पण विमा कंपनीला कोणी सांगितलंही नव्हतं.

मधली फट कशी बुजवायची

ही फट बुजवण्यासाठी बऱ्याच विमा कंपन्या घरच्या पॉलिसीला एक जोड देतात. तिला 'राइडशेअर एन्डॉर्समेंट' म्हणतात. ती सगळ्या कंपन्या देत नाहीत, सगळ्या राज्यांत देत नाहीत, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. काही जोडण्या फक्त दुसऱ्या अवस्थेपुरत्या असतात, म्हणजे वाट पाहताना तुमचा घरचा विमा तुमच्या गाडीसकट चालू राहतो. काही जोडण्या २,५०० आणि तुमचं घरचं डिडक्टिबल यांतला फरकही भरून देतात. आठवड्यातून दहा-पंधरा तास गाडी चालवणाऱ्याला पूर्ण कमर्शियल पॉलिसी घेण्यापेक्षा ही जोड कितीतरी स्वस्त पडते.

तुमची कंपनी ती देत नसेल तर देणारी दुसरी शोधा. पण आधी नवी पॉलिसी हातात येऊ द्या, मग जुनी बंद करा. मधे एक दिवसही विम्याशिवाय जाऊ देऊ नका.

खाण्याची पार्सलं पोचवणाऱ्यांनी वेगळं विचारायला हवं. माणसं नेण्याची जोड पार्सलांना लागू पडेलच असं नाही, आणि पार्सल कंपन्यांचा विमा अनेकदा फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरता असतो.

ज्यांनी घरासाठी म्हणून १० लाखांची अंब्रेला पॉलिसी घेतली आहे, त्यांनीही गाफील राहू नये. भाड्याने प्रवासी नेण्याचा वापर बहुतेक घरगुती अंब्रेलातून वगळलेला असतो. गाडी लीजवर असेल तर करारात असा वापर चालतो का, हेही वाचा.

व्हॉट्सॲपवरची 'एअरपोर्ट राइड'

आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप हमखास येतो: 'एअरपोर्ट पिकअप-ड्रॉप, वाजवी दर, मराठी/हिंदी बोलणारा चालक.' आई-बाबा पहिल्यांदा येत असले की आपल्यालाही वाटतं, अनोळखी उबरपेक्षा आपला माणूस बरा.

इथे विम्याचा हिशेब समजून घ्या. ॲपवरून आलेल्या गाडीत तुमचे आई-बाबा बसले की बहुतेक राज्यांत त्या फेरीमागे किमान १० लाखांचा लायबिलिटी विमा असतो. रोखीने ठरवलेल्या खासगी फेरीमागे राइडशेअर कंपनीच नसते, आणि चालकाची घरची पॉलिसी भाड्याचा वापर वगळते. अशा फेरीत अपघात झाला तर आई-बाबांच्या इस्पितळाचं बिल कोण भरणार? पाहुण्यांसाठी घेतलेल्या प्रवासी विम्याच्या मर्यादा किती तोकड्या असतात, हे ज्यांनी एकदा इमर्जन्सी रूम पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आणि चालकाने आयुष्यभर जमवलेलं सगळं त्या एका फेरीत पणाला लागतं. धंदाच करायचा तर रीतसर परवाना आणि कमर्शियल विमा घेऊन करावा. आपली काही माणसं तसा करतातही. त्यांना विम्याचं प्रमाणपत्र मागा. ते दाखवतील.

मंडळाच्या नाटकाला चार घरची माणसं एका गाडीतून गेली आणि गॅसचे पैसे वाटून घेतले, तर ते भाडं धरलं जात नाही. खर्च वाटून घेणारा कारपूल नेहमीच्या पॉलिसीत बसतो. कमाई सुरू झाली की तो कारपूल राहत नाही.

व्हिसाचा प्रश्न आधी

विम्याच्याही आधी एक गोष्ट. एच-१बी वर असलेल्या माणसाला हे काम करता येत नाही. त्याची परवानगी त्याच्या नोकरी देणाऱ्या कंपनीपुरती असते. नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या ६० दिवसांच्या मुदतीतही नाही. एफ-१ वरच्या विद्यार्थ्यांना परवानगीशिवाय कॉलेजबाहेर काम करता येत नाही, आणि ओपीटीचं काम शिक्षणाच्या विषयाशी निगडित असावं लागतं. एच-४ वर ईएडी असलेल्या जोडीदाराला मात्र हे काम करता येतं. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना प्रश्न नाही.

बायकोच्या नावावर खातं आणि गाडी चालवणार नवरा, हा उपाय काही घरांत सुचवला जातो. तो करू नका. तो ॲप कंपनीच्या नियमांचा भंग आहे, अपघात झाला तर विम्याचा दावा अडचणीत येतो आणि व्हिसाचं काम कायमचं बिघडू शकतं. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, पार्टीत भेटलेल्या जाणकाराला नको.

स्वतःला लागलं तर

हे काम करणारा माणूस कायद्याने बहुतेक ठिकाणी स्वतंत्र कंत्राटदार धरला जातो, त्यामुळे नोकरदाराला मिळणारी वर्कर्स कॉम्पेन्सेशनची भरपाई त्याला सहसा मिळत नाही. कॅलिफोर्नियात २०२० च्या प्रपोझिशन २२ मुळे ॲप चालू असताना झालेल्या दुखापतीच्या औषधोपचारासाठी किमान १० लाखांचा अपघात विमा कंपनीला ठेवावा लागतो. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा कायम ठेवला. इतर राज्यांत आपला आरोग्य विमा आणि गाडीच्या पॉलिसीतला औषधोपचाराचा भाग तपासून ठेवा.

टॅक्स भरताना एक लक्षात ठेवा. दर मैलामागे मिळणारी वजावट (२०२५ सालासाठी ७० सेंट) घेतली, तर विम्याचा हप्ता वेगळा दाखवता येत नाही. तो त्या ७० सेंटांतच धरलेला असतो. मैलांची नोंद मात्र रोजच्या रोज ठेवा.

अपघात झाला तर

आधी माणसं बघा, ९११ ला फोन करा. मग फोटो काढा: दोन्ही गाड्या, रस्ता, नंबरप्लेट आणि तुमच्या ॲपचा त्या क्षणीचा पडदा. तुम्ही कोणत्या अवस्थेत होता, यावरच पुढचं सगळं ठरणार आहे. ॲपमधून कंपनीला कळवा आणि आपल्या विमा कंपनीलाही कळवा. कॅलिफोर्नियात कोणालाही दुखापत झाली किंवा १ हजार डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालं, तर डीएमव्हीला १० दिवसांत एसआर-१ फॉर्म द्यावा लागतो. तो पोलिसांच्या अहवालापेक्षा वेगळा.

'ॲप बंद होतं असं सांग' असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. ऐकू नका. ॲप कधी चालू झालं आणि कधी बंद झालं, याच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी राइडशेअर कंपनीकडे असतात आणि अनेक राज्यांच्या कायद्याप्रमाणे त्या विमा कंपनीला द्याव्या लागतात. नाकारलेला दावा हे पैशाचं नुकसान. खोटा दावा हा गुन्हा, आणि ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाची वाट पाहणाऱ्या घराला तो कुठल्याही गाडीपेक्षा महाग पडेल.

एजंटला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरंही लेखी घ्या.

१. आमच्या घरातला अमुक माणूस आठवड्यातून इतके तास राइडशेअर चालवतो. हे तुमच्या नोंदीत आहे का?
२. तुम्ही राइडशेअरची जोड देता का? ती नेमक्या कोणत्या अवस्थांना लागू आहे?
३. ॲप चालू आणि फेरी नाही, अशा वेळी माझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसान कोण देणार?
४. २,५०० डॉलरच्या डिडक्टिबलमधला फरक भरून मिळेल का?
५. खाण्याची पार्सलं त्यात येतात का?
६. या वापरामुळे घरातल्या दुसऱ्या गाड्यांच्या विम्यावर काय परिणाम होईल?

हप्ता वाढेल या भीतीने बरेच जण पहिलाच प्रश्न विचारत नाहीत. वाढेल, थोडा वाढेल. तो वाढलेला हप्ता परवडत नसेल, तर त्या कामाची खरी कमाई आपण समजत होतो तितकी नव्हती, हे वेळेवर कळलेलं बरं.

आणि घरच्यांनो, तुमच्यासाठी एक विनंती. बाबा, वहिनी किंवा धाकटा भाऊ संध्याकाळी गाडी घेऊन बाहेर पडत असतील तर 'किती मिळाले?' हे आपण विचारतोच. त्यासोबत 'विम्याला कळवलंय ना?' हेही विचारा. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वह्यांची पूजा होते. या वर्षी त्या वह्यांसोबत गाडीच्या पॉलिसीचं पहिलं पानही काढा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ते एकदा वाचा. दहा मिनिटं लागतील, आणि फराळ तोवर गार व्हायचा नाही.